संध्याकाळचं माप

माझी द्रौपदाआत्या रोज सकाळी जी पहिली भाकरी थापायची, ती कुत्र्याची. घरच्या भाकरीपेक्षा ती जाड असायची आणि निखाऱ्यावर फुगवलेली नसायची. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा कुत्र्याच्या टाळूला चिकटतो, असं आत्याचं म्हणणं. ती भाकरी कुस्करून, ताकात भिजवून गोठ्याच्या कडेला जर्मनच्या थाळीत ठेवली जायची. मग घरात चहा व्हायचा.

सात वर्षं त्या थाळीत काही उरलं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर उरू लागलं.

आत्या पिंपरी पेंढारला, गावाबाहेरच्या वस्तीवर राहते. एकाच अंगणाला समोरासमोर दोन घरं आहेत. उगवतीकडचं आत्याचं आणि मावळतीकडचं तिच्या धाकट्या जावेचं, कुशाबाईचं. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली गेली, बैल वाटले गेले, तांब्याचे हंडे वाटले गेले, चिंचेची कुठली फांदी कोणाची तेही ठरलं. विहीर एकच होती, म्हणून मोटरच्या पाळ्या लावल्या. चार दिवस यांच्या, चार दिवस त्यांच्या. मधलं अंगण तेवढं कोणी मोजलं नाही. आणि खंड्या कुत्रा त्या वाटणीनंतर आला, त्यामुळे तो कोणाच्याच बाजूला लिहिला गेला नाही.

त्याला आणलं आत्याच्या यजमानांनी, आमच्या सावळेराममामांनी. घोडेगावच्या बाजारातून, कापडी पिशवीत घालून. पिशवीच्या तोंडातून पिल्लाचं डोकं बाहेर आणि त्याचा एक कान पिशवीच्या बंदाखाली दुमडलेला. पुढच्या वर्षी मामा गेले. आत्याची एकुलती एक लेक वृषाली लग्न होऊन खेडला. घरात राहिली आत्या, गोठ्यात तांबडी गाय आणि उंबऱ्याबाहेर खंड्या. कोणी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर आत्या सांगते, "आमी दोघं." ज्याला माहीत नाही, त्याला वाटतं मामा अजून आहेत.

समोरच्या घरात कुशाकाकू, तिचे यजमान सयाजीकाका, मुलगा सार्थक आणि सून आरती. सार्थक चाकणला कंपनीत आहे, रविवारी घरी येतो.

आत्या कुशाकाकूवर जळते. सख्ख्या आत्याबद्दल असं लिहायला हात जरा अडतो, पण वस्तीवरचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. कुशाकाकू पाच वर्षांनी मागून आली, तरी सासूनं पहिला सल्ला तिला विचारला. तिला मुलगा झाला. तिनं लावलेला कढीपत्ता माजला, आत्याचा दोनदा वाळला. आणि या सगळ्याच्या वर दुधाची फॅट. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या खिडकीत हणमंत दुधाची तपासणी करतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो. "कुशाबाई, चार एक. द्रौपदाबाई, तीन आठ." वीस वर्षांत दोन्हीकडच्या गाई बदलल्या, यंत्र बदललं, आकड्यांमधलं अंतर बदललं नाही. आमच्याकडे दुधाचा भाव फॅटवर ठरतो, म्हणून फॅट हा शब्द नुसता दुधाचा राहत नाही, बाईच्या अंगाला चिकटतो. ज्या दिवशी तीन सात लागतं, त्या दिवशी आत्या रस्त्यानं परत येत नाही, ओढ्याकडून येते.

पण खंड्या तिच्याकडे होता. कुशाकाकूनं हाक मारली तर तो मान वळवायचा, शेपटी एकदा जमिनीवर आपटायचा आणि आत्याच्या उंबऱ्यावरच बसून राहायचा. तेव्हा आत्याच्या हातातल्या केरसुणीचा वेग जरा कमी व्हायचा.

दिवाळीत सार्थकनं चाकणहून कुत्र्याच्या खाण्याचा पुडा आणला. कोरडे, लाल-पिवळे-हिरवे दाणे. कुशाकाकूनं ते कडीच्या स्टीलच्या डब्यात भरले आणि दिवस मावळताना पायरीवर बसून डबा हलवला. खुळखुळ असा आवाज झाला. खंड्याचा एक कान उभा राहिला, तोच, जो पिशवीच्या बंदाखाली दुमडला होता. तो उठला, अंगण ओलांडून गेला आणि जिभेनं नाक पुसत परत आला. दुसऱ्या दिवशी डबा वाजायच्या आधीच जाऊन बसला. आठवडाभरानं तो परत आला नाही. तिथंच पायरीखाली अंगाचं मुटकुळं करून निजला. कुत्रं शेवटचं जिथं खातं तिथं निजतं, हे दोघी जावांना ठाऊक होतं.

उसात बिबट्या असतो, त्यामुळे दिवस मावळला की आमच्याकडे कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा चढतो आणि सकाळी उतरतो. हे काम पहिल्यापासून आत्याचं. आता तिला पट्टा हातात घेऊन दुसऱ्याच्या पायरीशी जावं लागे. कुशाकाकू तिथं तांदूळ निवडत बसलेली असायची. ती पाय आखडून वाट द्यायची. आत्या वाकून पट्टा बांधायची आणि मागं न बघता यायची. तेवढं ओलांडायला तीस पावलं लागतात. आत्यानंच एकदा सांगितलं.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण बोलणं थांबलेलं नव्हतं. आत्या धार काढताना मोठ्यानं म्हणायची, "तांबडे, तू तरी हितंच हायेस गं बाई. न्हाईतर रंगीत दानं दिसलं की कुनाला घर आठवतंय."

समोरून कुशाकाकू कोंबड्यांपुढं दाणे फेकायची. "या गं बायांनो, खावा. हितं कुनाला बांधून ठिवल्यालं न्हाई. ज्याला ग्वाड लागंल त्यो येतो."

"तांबडे, ग्वाड काय, गूळ टाकला तर मुंग्या बी येत्यात."

मधे बाजेवर बसलेले सयाजीकाका चपला शोधायला लागायचे. "मी जातो रानात. जनावरांचं बोलनं चालू झालं."

जानेवारीत बाजाराच्या दिवशी आत्या ओतूरला आमच्या घरी आली. हातात रिकामी पिशवी. चहाही न घेता म्हणाली, "चल. इंग्रजी वाचायला तू पायजेस."

"काय घ्यायचंय?"

"कुशीच्या परीस चांगलं."

गोरखचं पशुखाद्याचं दुकान एसटी स्टँडच्या मागं आहे. बाहेर सरकी पेंडीची पोती, आत जंताची औषधं, वेसणी, दावी आणि वरच्या फळीवर कुत्र्यामांजरांचे पुडे. गोरख आत्याला वीस वर्षं ओळखतो.

"मावशी, गोळी पेंड ना? किती पोती?"

"तांबडीचं ऱ्हाऊ दे. कुत्र्याची गोळी पेंड दाव."

गोरखनं माझ्याकडे बघितलं. "का, भाकऱ्या जमंनात का आता?"

"तुजं तोंड नको, माल दाव."

त्यानं आधी सुटं पोतं दाखवलं. आत्यानं मूठभर दाणे घेतले, वास घेतला, नखानं एक दाणा फोडला आणि तोंडात टाकला.

"मावशी, मान्सांचा किराणा पल्याड हाये."

"जनावराला घालायचं ते आदी आपल्या जिभंवर यावं लागतं." ती बाहेर जाऊन थुंकली. "निस्ती मका हाये. तेल खवट झालंय. पोतं कवा फोडलं?"

"परवाच."

"परवा कोनत्या सालातला?"

मग तिनं पेल्यात पाणी मागितलं आणि चार दाणे टाकले. पेंडीत वाळू असली की ती तळाशी बसते, म्हणून पेंड नेहमी अशी तपासायची असते. वाळू बसली नाही, पण पाणी गुलाबी झालं. आत्यानं पेला उजेडात धरला. "हे खायाचं हाये का व्हळीला खेळायचं?"

तिच्या डोळ्यांसमोर कुशाकाकूचा डबा असणार. तिला बरंच वाटलं असावं, कारण त्यानंतर ती खाली पोत्यावर नीट बसली आणि म्हणाली, आता बंद पुडे काढ.

मी पुड्यांच्या मागचं वाचू लागले. तिला सांगितलं की यात जे सगळ्यांत जास्त असतं त्याचं नाव पहिलं लिहितात, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. हे तिला लगेच पटलं. प्रत्येक पुड्याला ती विचारी, "पयलं नाव कुनाचं?"

"मका. मग गहू. मग मांसाची पावडर."

"बाजूला ठिव. ह्याच्यावर?"

"कोंबडी. मग तांदूळ."

"आपलंच खानं हाये की. प्रोटीन किती? आन फॅट?"

"प्रोटीन पंचवीस. फॅट बारा."

तो पुडा तिनं मांडीवर घेतला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण मी हातातला पुढचा पुडाही वाचला. पहिलं नाव कोंबडी, प्रोटीन तीस, फॅट वीस.

"किती?"

"वीस. पण आत्या, हे पिल्लांचं आहे. वरच लिहिलंय, एका वर्षाच्या आतल्या पिल्लांसाठी."

"वीस फॅट," आत्या म्हणाली. मग गोरखला विचारलं, "त्या रंगीत मालाला किती असतंय?"

"आठ. लई झालं तर धा."

"आठ." तिनं तो आकडा इतक्या हळू उच्चारला की डेअरीची खिडकी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिथं आता तिचं नाव पहिलं घेतलं जात होतं.

गोरखनं एकदा सांगून बघितलं. "मावशी, मोठ्या कुत्र्याला बारा फॅटचं बरं पडतं. हे जड हुईल."

"कमी फॅटचं तुज्या गिऱ्हाइकांना दे."

मी दुसऱ्यांदा बोलले नाही. तिच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं आणि मला ते मोडवलं नाही. ती चूक तिच्याइतकीच माझीही होती.

पहिल्या दिवशी आत्यानं ते दाणे आंबोणासारखे कोमट पाण्यात दोन तास भिजत घातले, चिमूटभर मीठ टाकलं. गाईला तसंच देतात. खंड्या आला, लगद्याचा वास घेतला आणि आत्याकडे बघत राहिला. तेवढ्यात समोर डबा वाजला. तो गेला. दुसऱ्या दिवशी तिनं कोरडे दाणे थाळीत ओतले. त्यानं थाळी चाटून पुसून ठेवली, थाळीसकट दोन हात पुढं सरकला आणि मग तिथंच आडवा झाला. त्या संध्याकाळी पट्टा बांधायला आत्याला कुठं जावं लागलं नाही.

रविवारी मी गेले तेव्हा आत्या निवांत होती. मला खंड्याचे केस दाखवले, दात दाखवले. "हणम्या काल तीन सात म्हनला. म्हनू दे." एवढं बोलून तिनं सुपारी कातरायला घेतली. तीन सात लागूनही ती रस्त्यानं आली होती.

कुशाकाकू गप्प बसणारी नव्हती. तिनं डबा जास्त वेळ हलवायला सुरुवात केली. मग दाण्यांवर रविवारचा मटणाचा रस्सा. मग आत्यानं एका वाटीची दीड वाटी केली. खंड्या आता दोन्हीकडे जेवू लागला. प्रश्न राहिला शेवटच्या जेवणाचा. शेवटचं आपल्याकडे व्हावं म्हणून जी ती दुसरीचं होईपर्यंत थांबे. सहाचे सात झाले, सातचे साडेसात. दोन दारांत दोघी, आपापल्या भांड्यांसह, काही काम नसल्यासारख्या उभ्या.

"ह्या दोगी," सयाजीकाका सुनेला म्हणाले, "कुत्र्याच्या नावानं जागरन घालनार हायेत. वाघ्या-मुरळी तेवढी सांगायची ऱ्हायलीत."

पट्टा मागच्या भोकावर गेला, मग त्याच्याही मागच्या. फेब्रुवारीत आत्यानं तापलेल्या खिळ्यानं नवीन भोक पाडलं आणि मला फोनवर अभिमानानं सांगितलं. पंधरा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"उठत न्हाई."

मी पहिल्या एसटीनं गेले. खंड्या अंगणाच्या मधोमध पडला होता, त्या कोणीही न मोजलेल्या जागेत. रात्रीपासून हगवण आणि सकाळी ओकारी. कानामागं खाजवून खाजवून केस गेलेले. समोर कुशाकाकू डबा घेऊन उभी होती. तिनं तो जरासा हलवला, खंड्याचा कान हलला नाही. मग तिनं डब्याची कडी मुठीत धरली, आवाज होऊ नये म्हणून.

राजरत्न डॉक्टर आमच्या ओतूरचेच. तांबडी गाभण राहिली का ते तपासायला ते त्या दिवशी येणारच होते. आल्या आल्या खंड्यापाशी बसले, पोट दाबलं, डोळे, हिरड्या बघितल्या.

"ह्याला काय घालता?"

"ताक-भाकर," आत्या म्हणाली. "गोळ्या," कुशाकाकू म्हणाली. दोन्ही एकदम.

"कोण किती?"

"सांजच्याला डबाभर. वरून जरा रस्सा," कुशाकाकू.

"दीड वाटी," आत्या. "मोठी."

"आणि सकाळी?"

"भाकर."

"सकाळी आमच्यात बी थोडं," कुशाकाकू खाली बघत म्हणाली. हे आत्याला माहीत नव्हतं. तिनं झटकन वर बघितलं, पण डॉक्टर पुढं बोलत होते.

कांद्याचा वजनकाटा कुशाकाकूच्या पडवीत होता. सयाजीकाका आणि मी खंड्याला उचलून त्यावर ठेवलं. बत्तीस किलो.

"पंचवीसच्या आत पाहिजे हा," डॉक्टर म्हणाले. "पुडे आणा बघू."

कुशाकाकूचा पुडा त्यांनी एकदा उलटा केला आणि ठेवून दिला. "रंग आणि मका. ही खाज त्यानंच आली असं मी लगेच म्हणणार नाही, पण हे बंद करा." मी आत्याकडे बघितलं. अशा वेळीसुद्धा तिचा खांदा अर्धं बोट सैल झाला.

मग त्यांनी आत्याचा पुडा घेतला. "माल चांगला आहे, मावशी."

आत्यानं पदर नीट केला.

"पण हा पिल्लांचा. वाढत्या जिवाला फॅट लागतं. हा आता वाढतोय तो आडवाच. वीस टक्के कोणी सांगितलं?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुड्याकडे.

"मावशी, ह्याच्या फॅटला कोण भाव देणार आहे? हा काय हणमंतकडं दूध घालतोय?"

सयाजीकाका हसले आणि आत्याचा चेहरा बघून थांबले.

डॉक्टरांनी सुई टोचली आणि सांगितलं ते सरळ होतं. दोन दिवस भात आणि दही. मग मोठ्या कुत्र्याचं एकच खाणं, ज्यात पहिलं नाव मांसाचं असेल, प्रोटीन पंचवीसच्या आसपास, फॅट बारा-तेरा, रंग नाही. तेही एकदम नाही. आठ दिवस भात-भाकरीत थोडं थोडं वाढवत न्यायचं. दिवसाचं माप एकच, पुड्यावरच्या तक्त्याप्रमाणं, त्याचं वजन जेवढं असायला हवं तेवढ्याचं. त्याचे दोन भाग, सकाळ आणि संध्याकाळ.

"दोन घरांनी दोन मापं घातली तर पुढच्या खेपेला मला बोलवू नका." ते हात धुवायला उठले. "सकाळचं कोण आणि संध्याकाळचं कोण, ते तुम्ही ठरवा. ते माझ्या शास्त्रात येत नाही."

सकाळ कोणालाच नको होती.

तिसऱ्या दिवशी खंड्या उठून पाणी प्यायला आणि आत्या ओतूरला आली. दुकानात तिनं या वेळी काही चाखलं नाही. सगळे पुडे मला एकदा वाचायला लावले, मग पुन्हा एकदा. तारीख बघितली. पुड्याची शिवण बोटानं चाचपली. शेवटी तोच निघाला, जो पहिल्या खेपेला तिच्या मांडीवर होता.

"बाराच फॅट हाये हां मावशी," गोरख गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "चालंल ना?"

"बांद."

परतीच्या एसटीत ती पुडा मांडीवर धरून बसली होती, शाळेत पहिल्या दिवशी मूल धरतात तसा. मला वाटलं डुलकी लागली. पण ती हळू आवाजात तयारी करत होती. "आनला त्यो ह्यांनी. नाव म्या ठिवलं. पट्टा म्या बांधते." खिडकीबाहेर झेंडूचं शेत गेलं. "ताप आला तवा पोत्यावर बसून मी काढली रात. तिनं न्हाई." पुढच्या थांब्याला आणखी एक आठवलं. "आन सात वरसं भाकर कुनाची खाल्ली?" पिंपरी पेंढारचा फाटा आला तेव्हा ती जवळजवळ वकिलासारखी उतरली.

कुशाकाकू पायरीवर होती. आत्यानं पुडा अंगणाच्या मधोमध ठेवला. मी तक्ता वाचला: पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोनशे ऐंशी ग्रॅम. आरतीनं आतून स्वयंपाकाचा छोटा काटा आणला. सारखी दोन फुलपात्रं घेतली, एकशेचाळीस ग्रॅम दाणे तोलून घातले आणि दाणे आले तिथं खिळ्यानं आतून रेघ ओढली. एक फुलपात्र या बाजूला, एक त्या. कुशाकाकूच्या डब्यातला रंगीत माल काढून त्यात निम्मे नवे दाणे भरले.

आत्यानं पदर खोचला. घसा साफ केला.

"सांजचं तुमी घाला, जाऊबाई," कुशाकाकू म्हणाली.

कोंबड्यांना नाही, गाईला नाही. आत्याकडे बघून. हातातलं सूप तसंच मांडीवर होतं.

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. एसटीतली सगळी वाक्यं तिथं येऊन उभी असणार आणि त्यांना बाहेर पडायला कारण उरलं नव्हतं.

"का?" ती एवढंच म्हणाली.

"का काय. घाला." कुशाकाकू पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळानं, सुपात बघतच म्हणाली, "आमी चार मान्सं हावोत की घरात."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला. आत्यानं तर माझ्यापेक्षा जास्त शोधला असेल. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तिनं आपलं फुलपात्र उचललं आणि घरात गेली. मी मागोमाग गेले. चुलीपाशी ती पाठमोरी उभी होती.

"आत्या, मिळालं ना तुला हवं ते?"

"मिळालं," ती म्हणाली. "तिनं दिलं."

आजवर ती कुशाकाकूकडे जे जे होतं त्यावर जळत आली होती. मुलावर, कढीपत्त्यावर, चार एकवर. आता तिला कळलं की त्या बाईकडे सोडून देण्याइतकंही आहे. यावर काय करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दिवस मावळताना तिनं खंड्याला भात वाढला आणि त्यात नवे दाणे मोजून टाकले. उरलेले पुड्यात परत जाताना एक जमिनीवर पडला, तोही उचलून आत टाकला. खंड्यानं सावकाश खाल्लं. पट्टा पुन्हा जुन्या भोकावर यायला वेळ होता. तिनं नव्याच भोकात अडकवला. तो तिच्या उंबऱ्याबाहेर निजला.

सकाळी तिनं पट्टा काढला. खंड्यानं पुढचे पाय ताणले, मागचे ताणले आणि अंगण ओलांडून गेला. आत्या तांबडीखाली बसली होती. समोर डबा वाजला. धारेचा आवाज थांबला. तांबडीनं मान वळवून मागं बघितलं. मग धार पुन्हा सुरू झाली.

महिनाभरानं खंड्या सत्तावीस किलोवर आला. कानामागं केस फुटू लागले. जावा अजून फारसं बोलत नाहीत, पण आत्यानं तांबडीला काही सांगणं कमी केलंय आणि सयाजीकाकांना बाजेवर निवांत बसता येतं. परवा आत्याचा फोन आला.

"येताना वतूरातनं एक डबा आन. स्टीलचा. कडीचा."

"केवढा?"

"कुशीचा हाये तेवढाच. त्याचा आवाज लांबवर जातो."

मी बरं म्हटलं. ती फोन ठेवेना. मागं तांबडीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"बोटभर मोठा असला," आत्या म्हणाली, "तरी चालंल."